जोगचा धबधबा पहिल्यांदा पाहायला निघताना

जोगला जाऊन हिरमुसून परतणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही ऐन जुलैत जातात. त्यांना समोर नुसतं पांढरं धुकं दिसतं आणि धबधब्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. काही एप्रिल-मेच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जातात आणि काळ्या कातळावरून ओघळणाऱ्या दोन बारीक धारा बघून येतात. दोघांनीही शेकडो किलोमीटर गाडी हाकलेली असते, दोघांनाही संध्याकाळपर्यंत मुरुडेश्वर नाहीतर गोकर्ण गाठायचं असतं, आणि धबधब्याच्या वाट्याला जेमतेम तासभर आलेला असतो.

तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: पाणी कधी असतं ते बघून तारीख ठरवा, आणि जोगला एक रात्र मुक्काम करा. खालचं सगळं या दोन गोष्टी साधायच्या कशा, याबद्दलच आहे.

थोडी ओळख करून घ्या

जोग कर्नाटकात आहे, शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सीमेवर. नदी शरावती. तीर्थहळ्ळीजवळच्या अंबुतीर्थाला ती उगम पावते. रामाने बाण मारून तिथे पाणी काढलं अशी कथा सांगतात. सुमारे १२८ किलोमीटर वाहून ती होन्नावरला समुद्राला मिळते. वाटेत सह्याद्रीचं पठार संपतं आणि नदी एकदम कड्यावरून खाली येते. हा कडा २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट उंच आहे.

आपल्याकडे जुन्या पिढीतली माणसं याला गिरसप्पाचा धबधबा म्हणतात. गिरसप्पा म्हणजे गेरसोप्पा, घाटाच्या पायथ्याचं गाव. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच राहिला. इथे नदीच्या एका काठावर मुंबईची हद्द होती आणि दुसऱ्या काठावर म्हैसूर संस्थानाची. उत्तर काठावरचा इंग्रजांच्या काळातला बंगला बॉम्बे बंगला म्हणून ओळखला जायचा तो यामुळेच.

नदी चार धारांनी पडते. समोरून पाहताना डावीकडून राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी. नावं पाठ करून जा, कारण तिथे गेल्यावर पहिला अर्धा तास घरातले सगळे याच्यावरच वाद घालतात. राजा कड्याला कुठेही न टेकता एका झेपेत तळ गाठतो. रोअरर त्याच्या शेजारी, कातळाच्या कपारीतून वाकडी वाट काढत, आदळत-आपटत राजाकडे धावतो. चौघांत गलका त्याचाच जास्त. रॉकेट अरुंद फटीतून जोराने सुटतो, खडकावर आपटून बाहेर उसळतो आणि पुन्हा खाली झेपावतो. राणी सावकाश येते. कड्याला बिलगून, फेसाळत, पायरीपायरीने पसरत ती उतरते.

पायरी पहिली : तारीख ठरवणं

सगळ्यात जास्त विचार इथेच करायचा, कारण जोगचं पाणी फक्त पावसावर अवलंबून नाही.

धबधब्याच्या वर, सहा-सात किलोमीटरच्या आत, लिंगनमक्की धरण आहे. ते १९६४ मध्ये पूर्ण झालं. त्याची साठवण सुमारे १५१ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट आहे. आपलं कोयना १०५ टीएमसीचं, त्यावरून आवाका कळेल. नदीचं बहुतेक पाणी या धरणात अडतं आणि तिथून वेगळ्या वाटेने वीजगृहांकडे जातं. शरावती वीज केंद्राची क्षमताच १,०३५ मेगावॅट आहे. वीज तयार करून झाली की हे पाणी धबधब्याच्या खालच्या बाजूला नदीला मिळतं. धबधब्याच्या वाट्याला ते येत नाही. या धरणापायी वरची कितीतरी गावं पाण्याखाली गेली, लोकांना घरदार, सुपारीच्या बागा सोडून उठावं लागलं. सागर तालुक्यात कुणा वडीलधाऱ्या माणसाशी बोलायचा योग आला तर हा विषय निघतोच. तेव्हा निवांत ऐकून घ्या.

आता हिशोब सोपा होतो. पावसाळ्यात धरणाखालचे ओढे-नाले आणि आसपासचं पावसाचं पाणी नदीत येतं, त्यामुळे चारही धारा जोमात असतात. धरण भरलं आणि दरवाजे उघडले, की मग जे दिसतं त्याला तोड नाही. चार धारा वेगळ्या उरतच नाहीत, सगळा कडा पाण्याखाली जातो. समाजमाध्यमांवर फिरणारे अंगावर काटा आणणारे व्हिडिओ बहुतेक याच दिवसांतले असतात. मात्र दरवाजे दर वर्षी उघडतातच असं नाही, आणि उघडले तरी किती दिवस ते पावसावर असतं. तुमच्या व्हॉट्सअॅपवर आज आलेला व्हिडिओ चार वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

महिन्यांचं साधारण असं धरा.

जूनच्या मध्यापासून पाणी वाढायला लागतं. जुलै आणि ऑगस्टचा पूर्वार्ध म्हणजे भरपूर पाणी, भरपूर पाऊस आणि भरपूर धुकं. हातात दोन दिवस असतील तरच या काळात जा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मला सगळ्यात आवडतो. पाणी टिकून असतं, पाऊस उघडीप देतो, आणि धरण भरण्याची शक्यताही याच सुमाराची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी कमी झालेलं असतं, पण आभाळ स्वच्छ असतं, चारही धारा वेगवेगळ्या ओळखू येतात आणि तळाशी उतरणंही शक्य होतं. आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हाच काळ बरा. डिसेंबर उजाडला की धारा बारीक होत जातात. मार्च ते मे फक्त धबधब्यासाठी जाऊ नका. कारवार-गोकर्णाला गेलातच आणि वाट वाकडी करायची असेल तर कडा आणि दरी बघण्यासारखी आहे, एवढंच.

निघण्याआधी आठवडाभर एक काम करा. कर्नाटकातल्या धरणांची रोजची पातळी राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राकडून जाहीर होते आणि तिथल्या वर्तमानपत्रांतही छापून येते. लिंगनमक्कीची पूर्ण पातळी १,८१९ फूट आहे. आजचा आकडा त्याच्या किती जवळ आहे आणि रोज किती फुटांनी चढतो आहे, हे बघा. पातळी पूर्ण भरत आली आणि आवक जोरात असली की दरवाजे उघडण्याची तयारी सुरू होते, नदीकाठच्या गावांना सावधगिरीच्या सूचना जातात. ती बातमी दिसली आणि रजा मिळत असली तर शनिवार-रविवारची वाट बघू नका. मधल्या वारी गर्दीही कमी असते.

आणखी एक. धबधब्याच्या परिसरात अलीकडे सुशोभीकरणाची आणि बांधकामाची कामं चालू आहेत. त्यासाठी २०२५ च्या सुरुवातीला काही काळ प्रवेशही बंद ठेवला होता. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करा आणि 'आत सोडतात का, कोणती बाजू उघडी आहे' हे विचारूनच निघा.

पायरी दुसरी : रस्ता

पुण्याहून सातारा-कोल्हापूर-बेळगाव-हुबळी हा महामार्ग, आणि हुबळीनंतर शिरसी-सिद्धापूर करून जोग. अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. हुबळीपर्यंतचा रस्ता वेगाचा आहे. शिरसीच्या अलीकडे जंगल सुरू होतं आणि गाडीचा वेग आपोआप उतरतो. एका दमात जाता येतं, पण मी तसं सुचवणार नाही. पहिल्या दिवशी हुबळी किंवा शिरसीला थांबा आणि सकाळी ताजेतवाने होऊन निघा. शिरसीहून जोग दीड-दोन तासांच्या आत येतं. कोल्हापूर-सांगलीकरांना पहाटे निघून दुपारपर्यंत पोचता येईल.

सिंधुदुर्ग-गोव्याकडच्यांनी कारवार, अंकोला, कुमटा, होन्नावर असं किनाऱ्याने यावं आणि होन्नावरहून गेरसोप्पा घाट चढून वर यावं. होन्नावर ते जोग साठ किलोमीटरच्या आसपास आहे. हा घाट देखणा आहे, पण पावसाळ्यात जपून चालवायला हवा. जुलै २०२४ मध्ये याच किनारी महामार्गावर अंकोल्याजवळ शिरूर इथे दरड कोसळून माणसं दगावली. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी किनाऱ्याचा आणि घाटाचा बेत सरळ रद्द करा. घाट चढायचा तो दिवसाउजेडीच.

रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेवर कुमटा, होन्नावर, भटकळ ही स्थानकं आहेत. प्रत्येक गाडी प्रत्येक ठिकाणी थांबत नाही, तेव्हा तिकीट काढताना थांबे नीट बघा. पुढे बस किंवा टॅक्सी. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम सोपं आहे. तिथून तळगुप्प्यापर्यंत रेल्वे आहे आणि तळगुप्पा जोगपासून हाकेच्या अंतरावर, पंधरा किलोमीटरच्या आसपास.

बसने येणाऱ्यांनी हुबळी-शिरसी-सिद्धापूर असे टप्पे करावेत. कर्नाटकच्या लाल बस चांगल्या आहेत, मात्र पाट्या कन्नडमध्ये असतात. कंडक्टरला विचारायला संकोच करू नका. हिंदी चालते आणि किनाऱ्याकडे कोकणीही चालते. शेवटची परतीची बस कितीला आहे हे उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

पायरी तिसरी : मुक्काम

जोगला कर्नाटक पर्यटन महामंडळाचं मयूर गेरुसोप्पा आहे. धबधब्याच्या इतक्या जवळ दुसरी सोय क्वचितच मिळेल, म्हणून पावसाळ्यातल्या सुट्ट्यांचं आरक्षण बरंच आधी करावं लागतं. ते मिळालं नाही तर तळगुप्पा, सागर, सिद्धापूर इथे लॉज आहेत. आजूबाजूच्या गावांत सुपारीच्या बागांमधून घरगुती मुक्कामाची सोय करणारी कुटुंबंही आहेत. मला विचाराल तर अशा घरात राहा. जेवण चांगलं मिळतं, आणि आज धबधब्याला पाणी कसं आहे हे घरमालकाला कुठल्याही संकेतस्थळापेक्षा नेमकं ठाऊक असतं.

मुक्काम का म्हणते? पावसाळ्यात दरीतून ढग वर येतात, त्यात धबधब्याचे तुषार मिसळतात आणि समोरचा कडा पूर्ण झाकला जातो. मग वारा फिरतो, पडदा सरकतो, पाच-दहा मिनिटं सगळं लख्ख दिसतं आणि पुन्हा गडप. हे कधी होईल याचा नेम नाही. दुपारी पोचलात तर संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी उजाडताच एकदा आणि नाश्त्यानंतर एकदा, अशी तीनदा संधी मिळते. तासाभरासाठी आलेल्याला एकच, आणि तीही त्याच्या हातात नसते.

पायरी चौथी : सामान

पावसाळ्यात छत्री नेऊ नका. दरीच्या तोंडावरचा वारा तिला उलटी करतो आणि गर्दीत तिच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्यात जातात. पायघोळ रेनकोट, नाहीतर वेगळी पॅन्ट असलेला रेनसूट हवा. पायात खोलवर नक्षीचा तळ असलेले बूट किंवा मागे पट्टा असलेल्या पावसाळी सँडल. चपला आणि गुळगुळीत तळाचे बूट गाडीतच ठेवा. मोज्यांचे दोन-तीन जोड आणि कपड्यांचा एक संपूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. भिजून थंडीने कुडकुडणारी मुलं धबधबा बघत नाहीत, घरी कधी जायचं एवढंच विचारतात.

मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी घ्या, ती गळ्यात अडकवा. भिंगावर दर मिनिटाला तुषार बसतात. ते ओल्या बाहीने पुसलं की फोटो आणखी धुरकट येतो. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे हातरुमालाएवढे चार तुकडे कोरडे ठेवा, आणि पुसायला दर वेळी नवा घ्या.

टॉर्च, नेहमीची औषधं, थोडी रोकड. डोंगराळ भागात नेटवर्क जातं आणि मग मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

जळवांबद्दल. मलनाडच्या, म्हणजे या डोंगराळ मुलखाच्या, ओल्या पाचोळ्यात पावसाळ्यात जळवा असतात. मुख्य प्रेक्षणस्थळी फरसबंदी आहे, तिथे त्रास नाही. झाडीत शिरलात तर पँट मोज्यांत खोचा आणि दर थोड्या वेळाने घोटे तपासा. जळू चिकटलेली दिसली तर हिसका देऊन उपटू नका. तिच्या तोंडाशी नख लावून कडेने सरकवा, सुटते. रक्त काही वेळ वाहत राहतं, त्याने घाबरू नका. जागा धुवा आणि कापडाने दाबून धरा.

पायरी पाचवी : पोचल्यावर

वाहनतळाचे आणि प्रवेशाचे किरकोळ पैसे भरून आत गेलात की मुख्य सज्जा सागरच्या बाजूला, कड्याच्या थेट समोर आहे. मधे दरी. गर्दी नेहमी प्रवेशाजवळच्या कठड्यापाशी तुंबलेली असते. तिथे धक्काबुक्की करत बसू नका, कठड्याच्या कडेने पुढे चालत जा. चार पावलांवर राजाचा तळ जास्त खोलवर दिसतो, आणखी पुढे राणी समोर येते.

समोर धुकं असेल तर परत फिरू नका. दरीकडे तोंड करून उभे राहा आणि वाऱ्याकडे लक्ष ठेवा. पडदा सरकायच्या आधी बहुधा आवाज अचानक मोठा होतो आणि तोंडावर गार तुषार येतात. मोबाइल तेव्हाच काढा.

धुकं हटलं की एक करून बघा. पूर्ण धबधब्याकडे पाहू नका. राजाच्या माथ्यावर, जिथे पाणी कड्याबाहेर येतं, तिथला एकच पांढरा पुंजका नजरेने पकडा आणि त्याच्याबरोबर डोळे खाली आणत जा. सुरुवातीला तो घट्ट असतो. थोडं खाली आल्यावर त्याला टोकं फुटतात, कडा विरायला लागतात. निम्म्यावर तो मागच्या पुंजक्यात मिसळतो आणि तळाजवळ त्याची नुसती वाफ उरते. हवेचा अडथळा नसता तर २५३ मीटर पडायला पाण्याला सात सेकंदच लागले असते. प्रत्यक्षात हवा पाण्याला फोडते, म्हणून दुरून धार संथ उतरते आहे असा भास होतो. या कड्याची उंची मला आकड्यांवरून कधी कळली नाही, अशा एका पुंजक्याच्या मागे नजर लावल्यावर कळली. मुलांना हा खेळ शिकवा, ती अर्धा तास हलत नाहीत.

इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि कललेला हवा, तुषार समोर. ऊन-पावसाच्या खेळात, सप्टेंबर-ऑक्टोबरात याची शक्यता चांगली असते.

पाणी तांबूस-गढूळ दिसलं तर निराश होऊ नका. जोराच्या पावसानंतर डोंगरावरची लाल माती त्यात उतरते. नदी भरात असल्याची ती खूण आहे.

पायरी सहावी : तळाशी उतरायचं का?

मुख्य बाजूने दरीच्या तळाकडे सुमारे १,४०० पायऱ्या जातात. पावसाळ्यात हा मार्ग बहुधा बंद ठेवतात आणि तो बंद असताना कडेने वाट काढणाऱ्यांच्या मागे अजिबात जाऊ नये. ऑक्टोबरनंतर उघडा असेल तर प्रकृती ठीक असलेल्यांनी जरूर उतरावं. वरून सुतासारखी दिसणारी धार खालून पाहिली की मान पाठीला टेकते.

उतरणं सोपं वाटतं, फसवं असतं. परत चढताना दम लागतो, कारण दरीत वारा कमी आणि दमटपणा जास्त. गुडघेदुखी, दमा, हृदयविकार, गरोदरपण यांपैकी काही असेल तर वरच थांबा. वरून दिसणारं दृश्य काही कमी नाही. उतरायचंच तर सकाळी लवकर, माणशी लिटरभर पाणी घेऊन. ओल्या पायरीवर टाच नाही, पूर्ण तळवा टेकवा. तळाच्या डोहात पोहायचं नाही. पाणी पडतं तिथे ते खाली ओढणारं असतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून वर येता येत नाही.

पायरी सातवी : पलीकडचा काठ

वेळ असेल तर नदीवरच्या पुलावरून वळसा घालून उत्तर काठाला, जुन्या बंगल्याच्या बाजूला जा. समोरून पाहिलेला राजा इथून तिरका, माथ्याच्या बाजूने दिसतो. गर्दी कमी आणि आवाज जास्त जवळचा असतो.

जपायचं तेही इथेच जास्त. पाणी ओसरल्यावर नदीपात्रातले कातळ उघडे पडतात आणि लोकांना थेट कड्याच्या टोकाशी जाऊन फोटो काढायचा मोह होतो. त्या कातळावर पातळ शेवाळ असतं, सुकलेलं दिसलं तरी पाय घसरतो. वर धरण आहे, आणि वरच्या जंगलात पडलेल्या सरीने इकडे ऊन असतानाही पाणी वाढू शकतं. कठड्यापलीकडे, दोरीपलीकडे, पाटीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. बरोबरचं कुणी जात असेल तर हाताला धरून मागे ओढा, त्याला राग आला तरी चालेल. लहान मुलाला कठड्यावर बसवून फोटो काढणारे आई-वडील मी पाहिले आहेत, आणि तसं करू नका असं त्यांना सांगितलंही आहे. तुम्हीही सांगा.

खाणं आणि माकडं

प्रवेशाजवळ टपऱ्या आहेत. गरम मिरची भजी, उकडलेलं कणीस, तिखट-मीठ लावलेल्या अननसाच्या फोडी मिळतात. भिजलेल्या अंगाने कागदाच्या पुडीतली भजी खाण्यात मजा आहे, पण ती टपरीच्या छपराखालीच खा. माकडं हातातली पुडी, कधीकधी पर्ससुद्धा, डोळ्यादेखत पळवतात. त्यांना खायला घालू नका आणि दातही दाखवू नका. वेफर्सची रिकामी पाकिटं आपल्या पिशवीत घालून परत आणा, नाहीतर ती वाऱ्याने दरीत जातात आणि तिथून कुणीही उचलत नाही.

पोटभर जेवण सागर, सिद्धापूर किंवा शिरसीला करा. हा हव्यक ब्राह्मणांच्या सुपारी-बागांचा मुलूख. पानांची आणि ताकाची गार तंबुळी भातावर घेऊन बघा, आपल्या घरच्या आजारातून उठलेल्या माणसाला द्यावी इतकी हलकी असते. उसाचा पातळ गूळ, ज्याला तिकडे जोनी बेल्ल म्हणतात, तो बाटलीत भरून घरी आणण्यासारखा आहे. कागदासारखा पातळ, गोड तोडदेवू मिळाला तर कडक डब्यात ठेवा, पिशवीत त्याचा चुरा होतो.

दुसरा दिवस उरला तर

मराठी माणसाने केळदीला जावंच. सागरपासून आठेक किलोमीटरवर हे गाव आहे. १६८९ मध्ये, संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज मोगलांना चुकवत जिंजीकडे निघाले, तेव्हा केळदी राज्याच्या राणी चन्नम्मांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे वाट काढून दिली. त्यासाठी औरंगजेबाच्या फौजेशी लढाईही अंगावर घेतली. आपल्या इतिहासातला हा उपकार मोठा आहे, आणि जोगला जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ही वाकडी वाट करतात याचं मला वाईट वाटतं. रामेश्वर आणि वीरभद्राची देवळं एकाच आवारात आहेत. वीरभद्राच्या सभामंडपात मान वर करून छत बघा, दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. सागरजवळच इक्केरीला अघोरेश्वराचं भव्य दगडी देऊळ आहे. दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरतो.

धबधब्यांचीच हौस असेल तर सिद्धापूर तालुक्यात अघनाशिनी नदीवरचा उंचळ्ळी धबधबा बघा. उंची ११६ मीटर. शेवटचा टप्पा पायी जायचा आणि जळवा हमखास. शिरसीमार्गे परतणार असाल तर मारिकांबेचं देऊळ वाटेतच लागतं आणि थोडी वाट वाकडी केली की बनवासीचं मधुकेश्वराचं देऊळ. किनाऱ्याने परतणाऱ्यांना घाट उतरल्यावर होन्नावरजवळ इडगुंजीचा गणपती आहे.

परतीच्या दिवशी घाट किंवा शिरसीचं जंगल अंधार पडायच्या आत ओलांडता येईल अशा बेताने निघा, आणि पेट्रोल सागर किंवा सिद्धापूरलाच भरून घ्या.